नोकरी गेली, विम्याचं काय? नॉर्थ कॅरोलायनातला मार्केटप्लेसचा एक वर्षाचा अनुभव

नवऱ्याची नोकरी १४ फेब्रुवारी २०२५ ला गेली. कंपनीनं आठ आठवड्यांचा पगार एकरकमी दिला आणि आरोग्यविमा महिनाअखेरीपर्यंत, म्हणजे २८ फेब्रुवारीपर्यंत चालेल असं पत्रात लिहिलं. नोकरीपेक्षा मला त्या दुसऱ्या वाक्याचीच धास्ती जास्त वाटली. आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत राहतो. घरात चौघं: नवरा ४७, मी ४४, मुलगी १५, मुलगा १०. नवऱ्याला मधुमेह, मुलीला दमा. मी अर्धवेळ हिशेबाची कामं करते, त्यात विमा नाही. इतकी वर्षं विमा म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवरची एक कपात, महिन्याला पाचशेच्या वर काहीतरी. त्याची खरी किंमत किती, हे कधी बघायची वेळच आली नव्हती.

आमच्या मराठी मंडळातल्या दोन-तीन घरांवर सध्या हीच वेळ आली आहे आणि प्रत्येकाला फोनवर तेच सांगते आहे, म्हणून एकदा लिहून ठेवते. मी काही विमा एजंट नाही आणि आमचे आकडे आमच्यापुरते आहेत. तुमचं वय, काउंटी आणि उत्पन्न वेगळं असेल तर आकडेही वेगळे येतील.

सगळ्यात आधी चौकशी केली ती कोब्राची. १९८५ च्या कायद्यानुसार कंपनीचाच विमा पुढे १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, पण कंपनी भरायची तो हिस्साही आपणच भरायचा आणि वर दोन टक्के व्यवस्थापन खर्च. एचआरनं फोनवर आकडा सांगितला: महिन्याला २,१७० डॉलर. नवरा म्हणाला, "हे तर घराच्या हप्त्यापेक्षा जास्त झालं." कोब्राबद्दल एक गोष्ट मात्र मला फार उपयोगी वाटली. तो घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात आणि घेतला तर तो मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणजे पहिल्या दोन महिन्यांत पैसे न भरताही आधार असतो. काही मोठं घडलं तर मागचे हप्ते भरून विमा घेता येतो. उलट, एकदा कोब्रा घेऊन ही मुदत उलटल्यावर कंटाळून मध्येच सोडलात, तर तेवढ्यावरून मार्केटप्लेसचं, म्हणजे स्वतःचा विमा घेण्याच्या सरकारी बाजाराचं, दार उघडत नाही, नोव्हेंबरची वाट बघावी लागते.

मार्केटप्लेस म्हणजे लोक ज्याला ओबामाकेअर म्हणतात ते. मार्च २०१० मध्ये कायदा झाला, २०१४ पासून त्यावरचे विमे सुरू झाले. काही राज्यांची स्वतःची वेबसाइट आहे. आमच्या राज्यासाठी केंद्राचीच, हेल्थकेअर डॉट गव्ह. २०२६ च्या विम्यापर्यंत एरवी नोंदणी १ नोव्हेंबर ते १५ जानेवारी एवढीच असायची. मात्र विमा गेला, लग्न झालं, मूल झालं, अशा कारणांनी मध्येही नोंदणी करता येते. विमा जाण्याच्या आधीचे ६० दिवस आणि नंतरचे ६० दिवस ही त्याची मुदत. आधीचे ६० हे अनेकांना माहीत नसतं. आम्ही फेब्रुवारीतच प्लॅन निवडला तर १ मार्चपासून सलग विमा, मार्चमध्ये निवडला तर १ एप्रिलपासून. म्हणजे घाई होती.

आधी सासूबाईंच्या वयाच्या एका काकूंनी विचारलं होतं, "अगं, ते गरिबांसाठीचं ना? पुढे सिटिझनशिपला अडचण नाही ना येणार?" गरिबांसाठीचं ते मेडिकेड, हे वेगळं. आणि नागरिकत्वाच्या अर्जात पब्लिक चार्जची, म्हणजे हा माणूस सरकारी मदतीवर अवलंबून राहील का याची, कसोटी लावतच नाहीत. हे मी आमच्या वकिलांना विचारून घेतलं, कारण आमचाही अर्ज यथावकाश जायचा आहे.

अर्जाला बसलो ते रविवारी. खातं उघडताना ओळख पटवायला जुने पत्ते, गाडीचं कर्ज असे प्रश्न येतात. ग्रीन कार्ड हाताशी ठेवा, त्यावरचा ए-नंबर (परदेशी नागरिकाचा नोंदणी क्रमांक) आणि कार्ड नंबर दोन्ही लागतात. पुढे मी आजारांच्या प्रश्नांची वाट बघत होते. मधुमेह कधीपासून, दवाखान्यात कधी भरती होता, असं काहीतरी. ते प्रश्न आलेच नाहीत. अपंगत्व आहे का, तंबाखू घेता का, एवढंच. २०१४ च्या आधी बहुतेक राज्यांत स्वतःचा विमा घेणाऱ्याला मधुमेहावरून सरळ नकार मिळू शकत असे. आता नकारही देता येत नाही आणि आजारापोटी जास्त हप्ताही लावता येत नाही. बाई म्हणून जास्त पैसे नाहीत. वयाप्रमाणे हप्ता वाढतो, पण थोरल्या माणसाला तरुणाच्या तिपटीहून जास्त लावता येत नाही. तंबाखूवर मात्र हप्ता दीडपटीपर्यंत जाऊ शकतो. गेल्या सहा महिन्यांत आठवड्यातून चार किंवा जास्त वेळा, अशी त्यांची व्याख्या. सुटीच्या दिवशी पानाला हात लावणाऱ्यांनी उगाच घाबरू नये.

मग आला खरा प्रश्न: या वर्षी तुमचं उत्पन्न किती असेल?

इथे थोडं थांबून सांगते, कारण सगळं याच्यावर उभं आहे. विमा मार्केटप्लेसवर स्वस्त नाही. आमच्या चौघांचा एक साधा सिल्व्हर प्लॅन महिन्याला १,६४० डॉलर दाखवत होता. कायद्यानं केलं आहे ते इतकंच की त्यातला तुमचा वाटा उत्पन्नाच्या प्रमाणात ठरवला आणि उरलेलं सरकार विमा कंपनीला परस्पर देतं. त्याला प्रीमियम टॅक्स क्रेडिट म्हणतात, बोलताना सगळे सबसिडीच म्हणतात. हिशेब असा: तुमच्या भागातला दुसऱ्या क्रमांकाचा स्वस्त सिल्व्हर प्लॅन हा मापदंड. त्याच्या किमतीतून तुमचा वाटा वजा केला की सबसिडी. ती रक्कम मग कुठल्याही प्लॅनला लावा, स्वस्त घ्या किंवा महाग. तुमचा वाटा किती टक्के, हे दारिद्र्यरेषेच्या किती पट कमावता त्यावर ठरतं. २०२५ च्या विम्यासाठी चौघांच्या कुटुंबाची ही रेषा ३१,२०० डॉलर होती.

आणि हे उत्पन्न म्हणजे गेल्या वर्षीचं नाही, आजच्या महिन्याचंही नाही. जानेवारी ते डिसेंबर, अख्ख्या चालू वर्षाचा अंदाज. नोकरी नुकतीच गेलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे कमालच. आम्ही वही घेऊन बसलो. फेब्रुवारीपर्यंतचा पगार, ४०१-के या निवृत्ती खात्याची कपात वगळून, १८,०००. एकरकमी मिळालेले २४,०००. बेकारी भत्ता आमच्या राज्यात तेव्हा आठवड्याला जास्तीत जास्त ३५० आणि १२ आठवडेच, म्हणजे ४,२०० (तोही उत्पन्नात धरतात). माझे १९,०००. नवरा सुटी कामं घेईल त्याचे खर्च वजा जाता १४,०००. आणि भारतातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवींचं व्याज, २,८००. हे शेवटचं आपले बरेच लोक विसरतात. तिकडे ते करमुक्त असतं, इकडे नाही, त्यामुळे या हिशेबातही येतं. बेरीज ८२,०००. दारिद्र्यरेषेच्या २६२ टक्के. त्या वर्षीच्या तक्त्यानुसार आमचा वाटा साडेचार टक्क्यांच्या जरा आत, म्हणजे महिन्याला ३०६ डॉलर. सबसिडी १,३३४.

मी तो आकडा तीनदा ताजा करून पाहिला, बदलला नाही.

अर्जात चालू महिन्याचं उत्पन्नही वेगळं विचारतात, ते मेडिकेडसाठी. आमचा एकरकमी पैसा फेब्रुवारीतच आल्यामुळे मुलं आमच्याच प्लॅनवर राहिली. तोच अर्ज आम्ही कोरड्या महिन्यात केला असता तर मुलांना बहुधा मेडिकेडकडे पाठवलं असतं. त्यात वाईट काही नाही, पण डॉक्टर बदलू शकतात आणि मुलांपुरती सबसिडी मिळत नाही, हे आधी माहीत असावं.

पुढची पायरी कागदांची. दोन गोष्टी सिद्ध करायच्या होत्या. एक, विमा खरंच गेला. दोन, उत्पन्न खरंच घटलं, कारण त्यांच्याकडे आमचं जुनं कर विवरणपत्र होतं आणि त्यातला आकडा दुपटीहून मोठा. पहिल्यासाठी ३० दिवस, दुसऱ्यासाठी ९० दिवस. उत्पन्नाचं सोपं गेलं: नोकरी संपल्याचं पत्र, एकरकमी पैशांची पावती, माझ्या कामाची बिलं, आणि नवऱ्याच्या अंदाजाचा सही केलेला साधा तक्ता. विमा संपल्याच्या पत्रात मात्र तारीख आणि सगळ्या चौघांची नावं हवी होती. जुन्या कंपनीकडून आलेल्या पहिल्या पत्रात फक्त नवऱ्याचं नाव. दुसरं पत्र मिळेपर्यंत मार्च उजाडला. नोकरी सुटतानाच, एचआर अजून फोन उचलतं आहे तोवर, हे पत्र चौघांच्या नावानिशी मागून घ्या.

त्या दिवसांत लायब्ररीत बसणाऱ्या एका नॅव्हिगेटर बाईंची फार मदत झाली. ही मदत फुकट असते, त्या कुठल्या कंपनीचा विमा विकत नाहीत. अमुक प्लॅन घ्या असंही सांगत नाहीत, पण कुठली चौकट का विचारली आहे ते शांतपणे सांगतात. कागद तपासले जाईपर्यंत पहिला हप्ता भरता येत नाही, तरी विमा निवडल्याच्या तारखेप्रमाणे १ मार्चपासूनच धरला जातो, हे त्यांनीच समजावलं. आम्ही प्लॅन २६ फेब्रुवारीला निवडून ठेवला होता, म्हणून जीव थोडा भांड्यात पडला.

प्लॅन निवडणं हा वेगळाच उपद्व्याप. स्क्रीनवर डझनावारी प्लॅन. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड या नावांचा उपचारांच्या दर्जाशी संबंध नाही. सरासरीनं खर्चाचा किती भाग विमा उचलेल ते त्यावरून कळतं: साधारण ६०, ७०, ८० टक्के. सबसिडी लावल्यावर ब्रॉन्झ आम्हाला महिन्याला ५६ डॉलरला पडत होता. मोह झाला. पण डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायचा खर्च, माणशी ७,५०० आणि आमच्या घरात दर तीन महिन्यांनी रक्ततपासण्या, इन्सुलिन, इनहेलर. शेवटी ज्या सिल्व्हरमध्ये डॉक्टरांच्या भेटी डिडक्टिबल न मोजता ठरावीक कोपेवर, म्हणजे भेटीमागे ठरलेल्या रकमेवर, होत्या (साधे डॉक्टर ४०, तज्ज्ञ ८०) तो घेतला. पूर्ण किंमत १,६९०, आमच्या खिशातून ३५६.

उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या २५० टक्क्यांच्या आत असेल तर सिल्व्हरवर डिडक्टिबल आणि कोपेही कमी होतात, आपोआप, वेगळा अर्ज नाही. पण फक्त सिल्व्हरवर. ती सीमा आमच्यासाठी ७८,००० होती, थोडक्यात हुकली. २०० टक्क्यांच्या खाली असाल तर मी म्हणेन दुसरीकडे बघूच नका, तिथे सिल्व्हर प्लॅन गोल्डपेक्षा सरस होतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं हप्ता शून्य दिसतो म्हणून ब्रॉन्झ घेतला आणि ही सवलत सोडून दिली.

आणि डॉक्टर नेटवर्कमध्ये, म्हणजे त्या प्लॅनशी करार असलेल्यांत, आहेत का, हे कंपनीच्या यादीवर विसंबून ठरवू नका. एका कंपनीच्या यादीत आमचे मधुमेहाचे डॉक्टर होते. दवाखान्यात फोन केला तर म्हणे, त्या कंपनीचे दुसरे प्लॅन घेतो, हा नाही. फोनवर कंपनीचं नव्हे, प्लॅनचं पूर्ण नाव वाचून दाखवा.

मार्चचे पहिले तीन आठवडे हातात कार्ड नव्हतं. इन्सुलिनचा साठा फेब्रुवारीतच भरून घेतला होता. मुलीचा इनहेलर संपला, तो रोख पैशांनी आणला, पावती ठेवली, विमा चालू झाल्यावर परताव्याचा फॉर्म भरला आणि काही पैसे परत आले. कागद मंजूर झाल्याचा निरोप आला त्याच रात्री पहिला हप्ता भरला. हा पहिला हप्ता मार्केटप्लेसकडे नाही, विमा कंपनीकडे भरायचा असतो, आणि तो भरल्याशिवाय विमा सुरू होत नाही. फक्त प्लॅन निवडून निवांत झालेले लोक मला भेटले आहेत.

पुढचं वर्ष तसं सरळ गेलं. वार्षिक तपासणी, मुलांच्या लशी, माझा मॅमोग्राम, यांना पैसे पडले नाहीत. प्रतिबंधक तपासण्या नेटवर्कमध्ये फुकट देणं कायद्यानंच बंधनकारक आहे. भारतात दोन आठवडे गेलो तेव्हा प्रवासाचा विमा वेगळा काढला, कारण हा देशाबाहेर चालत नाही.

मग आला नोव्हेंबर. सबसिडीचा आमचा तक्ता इतका उदार होता, त्याचं कारण कोविडच्या काळात, २०२१ मध्ये केलेली वाढ. ती २०२२ मध्ये आणखी तीन वर्षं पुढे ढकलली आणि ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. याच मुद्द्यावर वॉशिंग्टनमध्ये ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सरकारी कामकाज बंद होतं, पण मुदत काही वाढली नाही. नवऱ्याची सुटी कामं आता बरी चालली होती, म्हणून २०२६ साठी ९०,००० चा अंदाज दिला. त्या वर्षासाठीच्या दारिद्र्यरेषेच्या २७९ टक्के. नव्या तक्त्यात आमचा वाटा सव्वानऊ टक्क्यांच्या वर, महिन्याला ७०० च्या आसपास. आदल्या वर्षी ३०६. उत्पन्न दहा टक्क्यांनी वाढलं आणि वाटा दुपटीहून जास्त. कायदा तोच, साइट तीच, फक्त तक्त्यातली एक ओळ बदलली. आमच्या ओळखीतलं एक साठीचं जोडपं दारिद्र्यरेषेच्या चारशे टक्क्यांच्या थोडं वर आहे. त्यांना तर आता काहीच सबसिडी नाही, पूर्ण हप्ता.

आम्ही ब्रॉन्झवर उतरलो. महिन्याला ३५० च्या घरात, म्हणजे गेल्या वर्षी सिल्व्हरला जेवढे देत होतो तेवढेच. त्यातल्या त्यात बरं म्हणजे १ जानेवारी २०२६ पासून मार्केटप्लेसच्या सगळ्या ब्रॉन्झ प्लॅनबरोबर एचएसए, म्हणजे उपचारांसाठी करसवलतीचं बचत खातं, उघडता येतं. कुटुंबासाठी वर्षाला ८,७५० पर्यंत त्यात टाकता येतात, आणि टाकलेली रक्कम या उत्पन्नातून वजा होते, त्यामुळे सबसिडी थोडी वाढते. जुनाच प्लॅन आपोआप पुढे चालू राहू देणं सोपं होतं, पण तसं करणाऱ्या शेजाऱ्यांना जानेवारीचं बिल बघून धक्का बसला. नोव्हेंबरमध्ये लॉग-इन करून सगळे आकडे नव्यानं बघाच.

शेवटचा टप्पा कराचा. जानेवारीअखेर मार्केटप्लेसच्या खात्यात १०९५-ए फॉर्म आला. त्यावर महिनावार पूर्ण हप्ता, मापदंड प्लॅनची किंमत आणि सबसिडी असे तीन रकाने असतात. ते आकडे ८९६२ या फॉर्ममध्ये घालून, अंदाजाप्रमाणे मिळालेली सबसिडी आणि खऱ्या उत्पन्नाप्रमाणे मिळायला हवी होती ती, यांचा मेळ घालायचा. हा फॉर्म जोडला नाही तर ई-फाइल केलेलं कर विवरणपत्र स्वीकारत नाहीत. सबसिडीसाठी नवरा-बायकोनं एकत्र विवरणपत्र भरणं, काही अपवाद सोडले तर, बंधनकारक.

एका ग्राहकानं जानेवारीत द्यायचे पैसे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाठवले. चांगलीच गोष्ट, पण त्यामुळे आमचं उत्पन्न ८८,४०० झालं. आमचा वाटा महिन्याला ३०६ ऐवजी ३९२ हवा होता. दहा महिन्यांचे ८६० डॉलर परत करायचे. कर बघणाऱ्या बाईंनी विचारलं, "पारंपरिक आयआरएमध्ये टाकायला पैसे आहेत का?" हे निवृत्तीचं बचत खातं. २०२५ साठीची रक्कम त्यात १५ एप्रिल २०२६ पर्यंत टाकता येत होती आणि ती उत्पन्नातून वजा होत होती. नवऱ्याच्या खात्यात ६,४०० टाकले, उत्पन्न परत ८२,००० वर आलं, ८६० शून्य झाले, शिवाय तेवढ्या रकमेवरचा आयकर वाचला. पैसे निवृत्तीपर्यंत अडकले हे खरं. ज्यांच्या हातात रोकड नाही त्यांना हा मार्ग नाही, हेही तितकंच खरं.

२०२५ पर्यंत, चारशे टक्क्यांच्या आत असणाऱ्यांना जास्तीची सबसिडी परत करायला मर्यादा होती. २०२६ च्या हिशेबापासून ती काढली आहे. जास्त मिळाली तर सगळीच परत. म्हणून २०२६ साठी मी वहीत दर तिमाहीला एक पान ठेवलं आहे. उत्पन्न अंदाजापासून सरकलं की खात्यात जाऊन बदलायचं, सबसिडी पुढच्या महिन्यापासून तशी होते. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांसाठी आणखी एक: जुलै २०२५ च्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२७ पासून त्यांना ही सबसिडी मिळणार नाही, ग्रीन कार्डवाल्यांना मिळत राहील. तुमचं ग्रीन कार्ड वाटेत असेल तर २०२७ चं बजेट पूर्ण हप्ता धरून करा, आणि कार्ड हातात आलं की त्याच दिवशी मार्केटप्लेसच्या खात्यात नोंदवा.